देशोधडीला लागलेल्या व्यापाऱ्याची खतावणी : प्रकल्प नोंदी

९ जून २०२४

आईच्या ट्रंकेतून आजोबांची खतावणी निघाली, त्याला वर्ष होत आलं. कराचीत रणछोड लाईनपाशी त्यांचं वह्या-दौतींचं छोटं दुकान होतं. जानेवारी १९४८ मध्ये बोटीने मुंबईला येताना भांडी मागे राहिली, शिवणयंत्र मागे राहिलं, ही वही मात्र त्यांनी बरोबर आणली. लाल कापडी पुठ्ठा, वर ‘श्री’, आत माणसांची नावं आणि प्रत्येकाकडचं येणं. एकाही नावापुढे वसूल झाल्याची खूण नाही.

दुकान सोडणारा माणूस उधारीची वही कशासाठी आणतो, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. मी एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्जवसुलीत. अशी माणसं आणखी कुठे आहेत ते शोधायला बसले आणि ब्रिटनपासून स्वतंत्र व्हायला लढणाऱ्या १७७६ च्या अमेरिकेत जाऊन पोचले. ब्रिटिश राजाची बाजू घेतलेले (राजनिष्ठ) किंवा दोन्ही बाजूंमध्ये अडकलेले व्यापारी तिथून इंग्लंड, कॅनडातलं हॅलिफॅक्स, वेस्ट इंडीजला गेले, आणि त्यांच्यापैकी कित्येकांनी वह्या जपल्या. त्यांच्या दफ्तराबद्दल मराठीत एक टिपण करायचं ठरवलंय. ग्रंथालयातल्या आमच्या अभ्यासमंडळात सप्टेंबरमध्ये वाचायचं आहे.

१४ जून

माणूस निवडणं सोपं गेलं नाही. सुरुवात मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमच्या सॅम्युएल कर्वेनपासून केली. हा एप्रिल १७७५ मध्ये आधी फिलाडेल्फियाला गेला, तिथून लंडनला. बायकोला समुद्राची धास्ती, म्हणून ती मागे राहिली. तो १७८४ मध्ये परतला. नऊ वर्षांची त्याची रोजनिशी मन लावून वाचावी अशी आहे, पण तिच्यात हिशोब फार थोडा. मला पेढी हवी आहे. कर्वेन बाजूला.

न्यूयॉर्कचा आयझॅक लो पक्का केला.

१९ जून

लोबद्दल आज सलग लिहिते, कारण तो समजला नाही तर पुढचं काही समजणार नाही.

जन्म १७३५, न्यू जर्सीतल्या रॅरिटन लँडिंगचा. न्यूयॉर्कमधला वजनदार व्यापारी. ५ एप्रिल १७६८ ला तिथल्या वीस व्यापाऱ्यांनी मिळून चेंबर ऑफ कॉमर्स काढलं, त्यात हा होता. १७७५ पासून तोच अध्यक्ष. ब्रिटिश करांविरुद्ध विलायती मालावर बहिष्कार घालणाऱ्या समित्यांतही तो पुढे होता. १७७४ मध्ये पहिल्या काँटिनेंटल काँग्रेसला, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेला, न्यूयॉर्कचा प्रतिनिधी म्हणून गेला आणि ब्रिटनशी व्यापार तोडण्याच्या करारावर त्याने सही केली.

म्हणजे हा राजाचा हुजऱ्या नव्हता. कर नको म्हणणारा, पण साम्राज्य सोडायलाही तयार नसलेला माणूस. स्वातंत्र्याचा मुद्दा आला तिथे तो थांबला. १७७६ मध्ये शहर ब्रिटिशांच्या ताब्यात गेलं आणि तो तिथेच राहिला. २२ ऑक्टोबर १७७९ ला न्यूयॉर्क राज्याने कायदा करून ५९ जणांची मालमत्ता जप्त केली आणि त्यांना कायमचं हद्दपार केलं. राज्यात पुन्हा सापडले तर मृत्युदंड. त्या यादीत लोचं नाव आहे. १७८३ मध्ये ब्रिटिश फौजेने शहर सोडलं त्या सुमारास तोही इंग्लंडला गेला.

धाकटा भाऊ निकोलस मात्र तिथेच राहिला आणि नव्या राज्यात मोठा झाला. १७८४ च्या बँक ऑफ न्यूयॉर्कच्या पहिल्या संचालकांत तो आहे, आणि १७८८ मध्ये संविधानाला मान्यता देणाऱ्या न्यूयॉर्कच्या परिषदेत अलेक्झांडर हॅमिल्टन आणि जॉन जे या पुढाऱ्यांबरोबर बसलेला दिसतो. एका घरातला एक भाऊ जप्तीच्या यादीत आणि दुसरा बँकेच्या संचालक मंडळात. फाळणीनंतर आपल्याकडेही अशी घरं झाली. पण ते टिपणात लिहायचं की नाही, अजून ठरवलं नाही.

२७ जून

आज शब्द लावले. अठराव्या शतकातल्या इंग्रज व्यापाऱ्याच्या वह्यांची मांडणी आपल्या पेढीच्या माणसाला परकी वाटणार नाही. घडलं तसं खरडायची एक कच्ची वही. तिच्यावरून तारखेप्रमाणे रोजकीर्द, रोजकीर्दीवरून माणसागणिक खतावणी. शिवाय पाठवलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल ठेवायची वेगळी वही, आणि अशा दफ्तरात मला सगळ्यांत मोलाची वाटते ती हीच. खतावणी आकडा सांगते. तो आकडा तसा का झाला, ते नक्कलवहीत सापडतं.

एका गोष्टीने पहिले दोन दिवस गोंधळ घातला. आपल्या देशी नाम्यात जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे. त्यांच्या खतावणीत बरोबर उलट. घरी वही आजोबांची आणि पडद्यावर पान इंग्रजी, असं आलटून पालटून वाचताना येणं आणि देणं डोक्यात जागा बदलत होतं. शेवटी इंग्रजी पानांच्या छापील प्रतींवर डाव्या बाजूला लाल पेन्सिलीने ‘नावे’ लिहून टाकलं.

हुंडी तर जशीच्या तशी भेटली. समुद्र ओलांडताना कागद बुडेल म्हणून ते एकाच हुंडीच्या तीन प्रती काढत आणि वेगवेगळ्या जहाजांनी धाडत. पहिलीवर लिहिलेलं असे, दुसरी आणि तिसरी वटलेली नसेल तरच हिचे पैसे द्यावेत. आपल्याकडे हुंडी हरवली की तिची दुसरी प्रत म्हणजे पेठ, आणि पेठ हरवली की तिसरी, परपेठ. मालाच्या जहाजी पावतीची सुरुवातही ‘देवाच्या कृपेने’ अशीच होत असे. ते वाचल्यावर मी आजोबांच्या वहीवरचं ‘श्री’ पुन्हा एकदा बघून आले.

५ जुलै

मोठी चूक सापडली, आणि ती माझीच आहे. व्यापाऱ्यांच्या रकमांचा मी एक तक्ता करतेय; तीन आठवडे त्यातले सगळे पौंड एकाच रकान्यात बेरीज करत होते. भाच्याने सूत्रं तपासताना विचारलं, “आत्या, हे सगळे एकाच चलनातले पौंड आहेत का?” नव्हते.

वसाहतींमध्ये हिशोब पौंड-शिलिंग-पेन्समध्ये लिहीत, पण हातात फिरणारं नाणं बहुतेक वेळा स्पॅनिश डॉलर असे. त्या एकाच डॉलरचा भाव प्रत्येक वसाहतीत वेगळा लिहिला जाई. विलायती स्टर्लिंगमध्ये ४ शिलिंग ६ पेन्स, मॅसॅच्युसेट्समध्ये ६ शिलिंग, पेनसिल्व्हेनियात ७ शिलिंग ६ पेन्स, न्यूयॉर्कमध्ये ८ शिलिंग. नाणं तेच, नाव तेच, किंमत चार ठिकाणी चार.

यावरून हिशोब बसतो तो असा. न्यूयॉर्कच्या वहीतले १,००० पौंड म्हणजे स्टर्लिंगमध्ये ५६२ पौंड १० शिलिंग. पेनसिल्व्हेनियाचे १,००० म्हणजे ६००. मॅसॅच्युसेट्सचे १,००० म्हणजे ७५०. लंडनमध्ये बसलेल्या हद्दपार व्यापाऱ्याला स्वतःच्या वहीतला श्रीमंतीचा आकडा भाषांतर करून बघावा लागत असणार, आणि न्यूयॉर्कवाल्याचा आकडा त्यात जवळजवळ निम्मा होत असणार.

युद्धाच्या काळात याच्यावर काँटिनेंटल काँग्रेसच्या कागदी नोटा आल्या. मार्च १७८० मध्ये काँग्रेसनेच चाळीस कागदी डॉलरला एक चांदीचा डॉलर असा भाव मान्य केला. कायद्याने नोट घ्यावीच लागते अशा ठिकाणी ऋणकोने तिकडे कागद टेकवला की सावकाराचं येणं फिटलं. वसुलीत काम केलेल्या माणसाच्या पोटात खड्डा पडावा, अशी ही गोष्ट आहे.

६ जुलै

तक्ता नव्याने केला. मूळ आकडा, वसाहत, स्टर्लिंग असे तीन रकाने. आधीच्या सगळ्या बेरजा पुसल्या.

१८ जुलै

लोला थोडं थांबवून बॉस्टनकडे वळले. तिथे व्यापाऱ्याचा माल आणि वही यांची ताटातूट होताना डोळ्यांना दिसते.

विल्यम जॅक्सनचं दुकान ‘पितळी मुंडकं’ या पाटीचं, टाउन हाउसच्या उत्तरेला, पाण्याच्या पंपासमोर. १७७० मध्ये त्याच्याविरुद्ध एक पत्रक छापून वाटलं गेलं. त्यात त्याचं नाव, दुकानाचा पत्ता आणि खाली विनंती, की स्वातंत्र्याच्या पुत्रांनी आणि कन्यांनी याच्याकडून एकही वस्तू विकत घेऊ नये. मार्च १७७६ मध्ये ब्रिटिश फौज बॉस्टन सोडून निघाली, तिच्याबरोबर सुमारे ११०० राजनिष्ठ माणसंही निघाली. ब्रिटिश सेनापती जनरल हाउने क्रीन ब्रश नावाच्या माणसाला शहरातलं तागाचं आणि लोकरीचं कापड गोळा करायचा हुकूम दिला, शत्रूच्या हाती पडू नये म्हणून. तो माल ‘एलिझाबेथ’ या जहाजावर चढला. जॅक्सनही आपला माल घेऊन त्याच जहाजावर होता. अमेरिकी जहाजांनी ‘एलिझाबेथ’ पकडलं, माल गेला आणि जॅक्सन कैदेत पडला. बहिष्कार घालणारे एका बाजूचे, दुकानं रिकामी करणारे दुसऱ्या बाजूचे. व्यापाऱ्याचं गोदाम दोघांनाही हवं होतं.

रिचर्ड क्लार्क हा ईस्ट इंडिया कंपनीने बॉस्टनमध्ये नेमलेल्या चहाच्या अडत्यांपैकी एक. नोव्हेंबर १७७३ मध्ये जमावाने त्याच्या गोदामावर आणि मग घरावर हल्ला केला. १६ डिसेंबरच्या रात्री कराविरुद्ध उठलेल्या लोकांनी चहाच्या ३४० हून जास्त पेट्या बंदराच्या पाण्यात फेकल्या. कंपनीने नुकसान मांडलं ९,६५९ पौंड. त्या वर्षी ऑगस्टअखेर पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला होता, आणि पुढच्याच डिसेंबरात त्याच कंपनीच्या फौजेने ठाण्याचा किल्ला आणि साष्टी घेतली. मराठी वाचकाला काळाचा अंदाज यावा म्हणून हे एक वाक्य टिपणात ठेवणार.

क्लार्क १७७५ च्या शेवटी लंडनला आला आणि आपल्या जावयाकडे, चित्रकार जॉन सिंगल्टन कॉपलीकडे राहिला, १७९५ मध्ये मरेपर्यंत. कॉपलीने रंगवलेलं कुटुंबाचं मोठं चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात म्हातारा क्लार्क मांडीवर नात घेऊन बसलाय. मी ते मोठं करून बराच वेळ बघितलं. सगळं चित्र रेशमाने आणि मुलांच्या हालचालींनी भरलेलं आहे, आणि हा एकटा कुणाकडेच बघत नाही.

२ ऑगस्ट

प्रकल्पाचा गाभा आज हाती लागला असं वाटतं.

जुलै १७८३ मध्ये ब्रिटिश संसदेने राजनिष्ठांचं नुकसान तपासायला आयोग नेमला. कचेरी लंडनच्या लिंकन्स इन फील्ड्समध्ये. दावेदाराने अर्ज द्यायचा, मालमत्तेची यादी जोडायची, मग एकेकाची शपथेवर बंद दाराआड चौकशी. साक्षीदारही वेगळे बोलावून तपासत. दूरच्यांसाठी आयोगाची माणसं हॅलिफॅक्सलाही गेली, आणि जप्तीचे पुरावे गोळा करायला एक वकील अमेरिकेला धाडला. एकूण ३,२२५ दावे आले, २,२९१ जणांना भरपाई मिळाली, रक्कम तीस लाख पौंडांच्या थोडी वर. ते सगळं दफ्तर आज लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. त्या काळातल्या सरकारने हरलेल्या बाजूच्या माणसांसाठी एवढं करावं, ही मला मोठी गोष्ट वाटते.

पण आयोगाने काय मान्य केलं नाही त्याची यादी वाचा. व्यापारातलं नुकसान नाही. समुद्रात पकडला गेलेला माल नाही. नोटांच्या घसरणीने बुडालेला पैसा नाही. आणि लोकांकडचं येणं, तेही नाही.

घर आणि जमीन असलेल्याला दस्तऐवज दाखवता येत होता, शेजाऱ्याची साक्ष काढता येत होती. व्यापाऱ्याची दौलत मात्र घरात नसतेच. ती शंभर लोकांच्या घरांत असते; कुणाकडे वर्षभराचा माल उधारीवर गेलेला, कुणाची हुंडी वटायची राहिलेली. त्याच्या हातात पुरावा म्हणून असते फक्त वही, आणि नेमकी वहीच तिथे चालत नव्हती. जॅक्सनसारख्याचा समुद्रात गेलेला माल मोजला जात नव्हता, आणि लोसारख्या मोठ्या व्यापाऱ्याची जी खरी दौलत, तीच बाहेर राहत होती.

कारणही साधं होतं. १७८३ च्या पॅरिस तहाच्या चौथ्या कलमात म्हटलं होतं, की दोन्हीकडच्या सावकारांना आपलं खरं येणं स्टर्लिंगच्या पूर्ण किमतीत वसूल करायला कायद्याची आडकाठी असणार नाही. तेव्हा आयोगाचं म्हणणं असं, की येणं बुडालेलं नाही, तिकडे जा आणि वसूल करा. ज्याने परत पाऊल ठेवलं तर फाशी, त्याने जाऊन वसूल करायचं. मी हे कलम तीनदा वाचलं आणि प्रत्येक वेळी तितकाच राग आला.

३ ऑगस्ट

रात्री उठून भारताचा विस्थापितांच्या दाव्यांचा १९५० चा कायदा वाचला. पश्चिम पाकिस्तानात मागे राहिलेल्या स्थावर मालमत्तेचे दावे नोंदवण्यासाठी तो होता. आजोबांचं दुकान भाड्याचं होतं. लाल वहीतल्या येण्यासाठी त्यात जागा नव्हती.

११ ऑगस्ट

मंडळातल्या एका ज्येष्ठ सदस्याने कच्चं टिपण वाचून विचारलं, “ताई, तुम्ही व्यापाऱ्याची बाजू घेताय. त्याच्या वहीत मालाच्या बाजूला कोण होतं?” प्रश्न अगदी बरोबर होता.

त्या काळच्या अटलांटिक व्यापाराच्या वह्यांत साखर, रम, तंबाखू यांच्या ओळींशेजारी गुलाम माणसांच्या ओळी आहेत. किंमत लावलेल्या. राजनिष्ठांनी आयोगाकडे दिलेल्या मालमत्तेच्या याद्यांतही त्या आहेत, घर, गुरं आणि जहाजातल्या हिश्श्याच्या रांगेत. आणि त्याच १७८३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दुसरी एक वही लिहिली गेली. ब्रिटिश जहाजांतून निघालेल्या सुमारे ३,००० कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष-मुलांची नोंद. नाव, वय, आधीचा मालक, जहाज. त्यांतले बहुतेक ब्रिटिशांनी दिलेल्या स्वातंत्र्याच्या शब्दावर मालकांकडून निसटून आलेले. काही मात्र राजनिष्ठ मालकांबरोबर गुलाम म्हणूनच चाललेले. वॉशिंग्टनने त्या वर्षी मे महिन्यात ती माणसं परत मागितली. ब्रिटिश सेनापती कार्लटनने शब्द मोडायला नकार दिला.

ज्यांना येणं सोडाच, स्वतःचं अंगही वहीत दुसऱ्याच्या नावावर होतं, अशी ही माणसं. लंडनमध्ये त्यांच्यातल्याही काहींनी आयोगाकडे अर्ज केले. बहुतेकांच्या हाती काही लागलं नाही. टिपणात हा भाग लोच्या आधी घालणार आहे. शेवटी घातला तर पुरवणीसारखा वाचला जाईल, आणि तो पुरवणी नाही.

२४ ऑगस्ट

येण्याचं पुढे काय झालं ते आज पूर्ण लावलं.

व्हर्जिनियाने १७७७ मध्येच कायदा केला होता, की ब्रिटिश सावकाराचं देणं राज्याच्या कर्जकचेरीत कागदी नोटांत भरलं की ऋणको मोकळा. १७९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेअर विरुद्ध हिल्टन खटल्यात सांगितलं, की तह हा राज्याच्या कायद्याच्या वर आहे, देणं उभं आहे. ऋणकोच्या बाजूने वकील होता जॉन मार्शल, पुढे त्याच न्यायालयाचा सरन्यायाधीश झालेला. तो हरला. वसुलीच्या कामातल्या माणसाने हा निकाल एकदा वाचावाच.

त्याआधी, १७९४ मध्ये जॉन जे याने अमेरिकेतर्फे ब्रिटनशी केलेल्या करारात, जुन्या देण्यांसाठी दोन्ही देशांचा मिळून पाच जणांचा आयोग ठरला होता. तो १७९७ मध्ये फिलाडेल्फियात बसला. तिथे वाद पेटला तो हद्दपारांवरच. चार्ल्स इंग्लिस, न्यूयॉर्कच्या ट्रिनिटी चर्चचा आधीचा धर्मगुरू, लोच्याच १७७९ च्या यादीतला. त्याने आपलं येणं मागितलं. अमेरिकेने हद्दपार केलेला माणूस ब्रिटिश सावकार ठरतो का? बहुमताने हो म्हटलं. अमेरिकी सदस्यांना ते पटलं नाही, आणि १७९९ मध्ये ते आयोगातून उठून गेले.

जानेवारी १८०२ मध्ये तोडगा निघाला. अमेरिकेने सगळ्या जुन्या देण्यांपोटी ब्रिटनला ठोक ६,००,००० पौंड तीन हप्त्यांत द्यायचे, आणि ते कुणाला किती ते ब्रिटनने आपल्या घरात ठरवायचं. मान्य झालेल्या दाव्यांच्या मानाने ती रक्कम फार अपुरी होती. वाटप संपायला १८११ उजाडलं. म्हणजे १७७५ च्या उधारीचा माल घेतलेल्याचा नातू तेव्हा दुकानात बसत असेल.

आयझॅक लो २५ जुलै १७९१ ला आइल ऑफ वाइटवरच्या काउझ गावी वारला. जॉन जेचा तो करार व्हायला तेव्हा तीन वर्षं होती. त्याने काढलेल्या चेंबरला न्यूयॉर्क राज्याने १७८४ मध्येच नवी सनद दिली होती आणि तिथे नवा अध्यक्ष बसला होता. चेंबरची १७६८ ते १७८४ ची इतिवृत्तं पुढच्या शतकात छापली गेली, त्यात लोचं अध्यक्षपद नीट नोंदवलेलं आहे. ते कुणी पुसलं नाही, याचं मला बरं वाटलं.

१ सप्टेंबर

तक्ता पुरा झाला, टिपण चौदा पानांचं. वाचन बावीस तारखेला.

आज मावशीकडे वही घेऊन गेले. ती कराची सोडताना बारा वर्षांची होती, म्हणजे आता अठ्ठ्याऐंशी. मोतीबिंदूमुळे तिला वाचता येत नाही, म्हणून मी नावं मोठ्याने वाचत गेले. चौथ्या नावाला तिने मला थांबवलं. “हा मास्तर. शाळेतल्या मुलांच्या वह्या बाबांकडून उधारीवर न्यायचा. बाबा त्याच्याकडे मागायचे नाहीत गं.” मग बंदर रोडवरच्या एका पारशी कचेरीचं नाव आलं, आणि एका सिंधी वकिलाचं, ज्याची मुलगी तिच्याबरोबर खेळायची. प्रत्येक नावाला गल्ली, दाराचा रंग, आवाज. रकमेबद्दल तिने एकदाही विचारलं नाही.

एकशे सात नावं आहेत. आज अकरा झाली. तक्त्यात आणखी एक रकाना वाढवलाय, ‘मावशीचं म्हणणं’. ती म्हणाली, “सकाळी ये बाई, दुपारी मला थकवा येतो.” उद्या नऊला जाते.